बॉनेटवरची तीन अक्षरं

दिवाळी सरली आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की पंधरा दिवसांत माझ्या शेडसमोर गाड्या उभ्या राहायला लागत. तक्रार सगळ्यांची एकच. ‘‘मिस्त्री, बॉनेटकडं बघा जरा.’’ बघायचं काय, मला न बघता ठाऊक असायचं. पुढं उसाची ट्रॉली, तिच्या चाकांतून उडणारी खडी, आणि मागं ट्रॉलीला ओलांडून जायची घाई झालेला आमचा गडी. वारणानगरच्या रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या गाडीचं नाक एका हंगामात देवीचे व्रण उठल्यासारखं होऊन जायचं. टिकलीएवढा रंग उडतो, आत पत्रा उघडा पडतो, पावसाळ्यात तिथं गंज धरतो आणि मग तो गंज आजूबाजूच्या रंगाखाली शिरून फोड आणतो. मालकाला फोड दिसतो तेव्हा रोग जुना झालेला असतो.

उद्यमनगरात माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम होतं. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या निम्म्या गाड्यांची नाकं रंगवली असतील, असं मी म्हणतो. बायको म्हणते, पाव. काम मी मन लावून करायचो, पण गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधीच सांगून टाकायचो. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, आमचा उन्हात वाळवलेला. भाजलेलं मडकं आणि कच्ची वीट यांत जो फरक, तोच यात. मी कितीही जीव ओतला तरी पहिला रंग तो पहिला. म्हणून तो उडूच नये असं काहीतरी पाहिजे, हे माझ्या डोक्यात कायम घोळत असायचं.

दोन हजार तीनच्या सुमाराला मुंबईचा एक एजंट टाय बांधून आला. त्याच्याकडं जाड प्लॅस्टिकसारख्या फिल्मचा रोल होता, आरपार दिसणारा. काचेला लावतात ती काळी फिल्म सगळ्यांना माहीत होती. ही रंगावर लावायची. लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी जाड, आणि रबरासारखी ताणली जाणारी. त्यानं एका जुन्या दरवाजावर तुकडा चिकटवला आणि माझ्याच हातात किल्ली देऊन म्हणाला, ‘‘घासा.’’ मी घासली. फिल्मवर पुसट रेघ उठली, खालचा रंग जसाच्या तसा.

‘‘किती दिवस टिकंल?’’ मी विचारलं.

‘‘पाच वर्षं बघायला नको.’’

मी मगदुमांच्या घरातला. आमच्यात वस्तू घेताना चार दुकानं हिंडायची आणि पाचव्यात घ्यायची नाही, अशी रीत आहे. मी त्याचा एक रोल घेतला, पण आधी माझ्या स्वतःच्या पांढऱ्या ॲम्बेसिडरवर लावून बघितला, आणि तोही अर्ध्याच बॉनेटवर. डाव्या अंगाला फिल्म, उजवं अंग उघडं. दोन्हींवर तेच ऊन, तीच खडी, तोच पाऊस. काय फरक पडतो ते आपल्याच डोळ्यांनी बघायचं. जवळून बघणाऱ्याला मधोमध एक रेघ दिसायची. शेजारचा वेल्डर मला म्हणायचा, ‘‘काय ओ, न्हावी मधीच उठून गेला व्हय?’’

परीक्षा घेतली हे माझं शहाणपण. ती पुरी होईपर्यंत थांबलो नाही, हा माझा मूर्खपणा. सहा महिन्यांत उघड्या अंगावर अकरा व्रण उठले आणि झाकल्या अंगावर एकही नाही. मी हुरळलो. सहा महिने बघून मी लोकांना पाच वर्षांची खात्री द्यायला लागलो. पुढच्या वर्ष-दीड वर्षात चौदा गाड्यांवर ती फिल्म लावली.

लावायचं काम मोठं नाजूक. गाडी तीनदा धुवायची, मेणाचा अंश काढायचा, शेडमध्ये पाणी मारून धूळ बसवायची. मग बॉनेटवर आणि फिल्मच्या गोंदाच्या बाजूला साबणाचं पाणी मारायचं. पाणी असेपर्यंत फिल्म सरकते, मनासारखी बसवता येते. बसली की रबराच्या पट्टीनं मधून कडेकडं पाणी ढकलत जायचं. केस अडकला तरी जन्मभर दिसतो. हे काम करताना मी पंखा बंद करायचो आणि बोलणंही बंद करायचो. बायकोचं, सुनंदाचं, म्हणणं असं की त्या दोन वर्षांत आमच्या घरात जी शांतता होती ती त्या फिल्ममुळंच.

या चौदांतलं पहिलं गिऱ्हाईक होतं देशपांडे सर. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, गाडीच्या सीटला कंपनीचं प्लॅस्टिक, त्यावर कव्हर आणि त्या कव्हरवर टॉवेल. बॉनेटला फिल्म लावून झाल्यावर म्हणाले, ‘‘मगदूम, छताला का नको?’’ मी म्हणालो, ‘‘सर, छतावर खडी कुठनं येणार?’’ त्यावर विचार करून म्हणाले, ‘‘नारळ?’’ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गाडी घेऊन यायचे, फिल्मच्या कडेवरून बोट फिरवायचे आणि ‘ठीक’ म्हणून जायचे. मला त्यांचा कंटाळा यायचा. असं गिऱ्हाईक म्हणजे देवानं दिलेला तपासनीस असतो, हे मला पुढं कळलं.

चौदावा होता मल्लाप्पा.

चैत्रातली दुपार. शेडसमोर एक गडद निळी, नवीकोरी गाडी येऊन थांबली आणि आजूबाजूची सगळी कामं थांबली. बॉनेटवर वेताची एक बुट्टी पालथी घातलेली, आणि कासऱ्यानं आरशांना आणि बंपरला ओढून बांधलेली. चालवणारा पस्तिशीचा, कपाळाला भस्माचे पट्टे, डोकं नुकतंच भादरलेलं. उतरला आणि म्हणाला, ‘‘मगदूम मिस्त्री कोन?’’

‘‘मीच. पावणं कुठलं?’’

‘‘नेसरीच्या अल्याडचं. तकडनं आलोय, सावकाश. वाटंत समदी इचारत्यात, कोंबडं हाय का आत.’’

‘‘आणि काय हाय?’’

त्यानं कासरा सोडला, बुट्टी उचलली. बॉनेटच्या मधोमध कुंकवानं तीन अक्षरं लिहिली होती. वाकडी, एक मोठं एक लहान, क-चं पोट फुगलेलं आणि ल उजवीकडं घसरलेला. ‘कमल’.

‘‘आमच्या अव्वानं लिवलंय,’’ तो म्हणाला. ‘‘ह्ये टिकवायचं हाय.’’

त्याच्या आईला सगळा गाव कमळव्वा म्हणायचा. आयुष्य शेतात गेलं, अक्षराशी गाठ नाही. साठीला आल्यावर गावात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला आणि ही कंदील घेऊन जायला लागली. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ‘कमल’ हा शब्द, शेजारी फुलाचं चित्र. तिनं घरी येऊन सांगितलं, ‘‘पुस्तकात माजं नाव छापलंय.’’ पुढची पानं तिला फारशी जमली नाहीत, पण ते एक पान पाठ झालं. मल्लाप्पानं गाडी आणली, तेव्हा पूजेला सगळे म्हणाले, अव्वा, तू ‘श्री’ काढ. तिला श्री कुठला यायला. ती बोट कुंकवात बुडवून थोडा वेळ उभी राहिली आणि तिला जे येत होतं ते तिनं लिहिलं. लोक हसले. मल्लाप्पाही हसला. ‘‘म्या म्हटलं, अव्वा, गाडी माजी का तुजी? तर म्हनती, लिवलंय माजं, म्हंजे माजीच की.’’

त्यानंतर नवव्या दिवशी ती रानातून आली, पाणी प्याली आणि कट्ट्यावर बसल्या बसल्या गेली. गाडी त्या सगळ्या गडबडीत गोठ्याच्या छपरात तशीच उभी होती. दिवसकार्य झाल्यावर कोणीतरी ती धुवायला घेतली, तेव्हा मल्लाप्पा ओरडत धावला.

‘‘धरमशाळेत उतरतो,’’ तो म्हणाला. ‘‘कितीबी दिस लागूद्यात.’’

मी त्या अक्षरांकडं बघत राहिलो. सांगितलं ना, फिल्म साबणाच्या पाण्यावर बसते. कुंकवाला पाण्याचा थेंब लागला की संपलं. कोरडी चिकटवावी तर गोंद कुंकवाच्या भुकटीला धरेल, रंगाला धरणार नाही; आणि एकदा चिकटली की सरकवता येत नाही. चुकलं तर दुसरं कुंकू आहे, दुसरी कमळव्वा नाही.

‘‘न्हाय व्हायचं,’’ असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुनंदा जेवणाचा डबा घेऊन आली. तिनं अक्षरं बघितली, हकीकत ऐकली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘माझं कुंकू घ्या, आणि जुन्या पत्र्यावर करून बघा आधी.’’

तीन दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. मल्लाप्पाला धर्मशाळेत जाऊ दिलं नाही, आमच्याकडंच ठेवला. अडगळीतलं एक बॉनेट काढलं, सुनंदानं त्यावर बोटानं ‘कमल’ लिहिलं, पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा मी रंग फवारायच्या गनमधून पारदर्शक लॅकर मारला. हवेच्या झोतानं कुंकू उडून गेलं. दुसऱ्यांदा ब्रशनं लावला. अक्षरं लडबडून लाल चिखल झाला. मल्लाप्पा शेडच्या दारात उकिडवा बसून सगळं बघायचा. एकदाही म्हणाला नाही की जमतंय का. तिसऱ्या दिवशी मला सुचलं, की झोत खाली मारायचाच नाही. गन वर, छताकडं धरायची, आणि लॅकरचं धुकं आपोआप खाली उतरू द्यायचं, दव पडतं तसं. एक थर, तासभर थांबायचं, मग दुसरा. असे सात थर बसल्यावर मी त्यावर पाणी शिंपडलं. थेंब गोल होऊन घरंगळले. अक्षरं जागची हलली नाहीत.

मग खऱ्या गाडीवर तसंच केलं. वर साबणाच्या पाण्यावर फिल्म बसवली. शेवटचं पाणी कडेनं निघालं आणि तीन अक्षरं काचेखाली ठेवल्यासारखी लखलखली. मल्लाप्पानं वरून तळहात फिरवला. पहिल्यांदाच त्यानं त्यांना हात लावला होता.

‘‘किती वर्सं ऱ्हाईल, मिस्त्री?’’

मला सांगायला पाहिजे होतं की एजंट पाच म्हणतो आणि मी स्वतः फक्त दीड वर्ष बघितलंय. पण त्याचं ते भादरलेलं डोकं, ते डोळे. मी म्हणालो, ‘‘कायम.’’

तो माझ्या पाया पडला. मी मागं सरलो, तरी पडला.

त्यानंतर वर्षभरानं, एका पहिल्या रविवारी, देशपांडे सर आले. आज त्यांनी कडेवरून बोट फिरवलं नाही. खिशातून कोऱ्या कागदाची घडी काढली, बॉनेटवर ठेवली आणि मला बोलावलं. गाडी त्यांचीही पांढरीच.

‘‘मगदूम, हा कागद पांढरा आहे. हे पांढरं नाही.’’

नव्हतंच. साय धरलेल्या दुधासारखी एक पिवळसर झाक आली होती. रोज बघणाऱ्याला कळू नये इतकी हळू आली होती. मी तसाच माझ्या ॲम्बेसिडरकडं गेलो. तीन वर्षं उन्हात उभी असलेली गाडी. तोच कागद ठेवला. डावं अंग जुन्या वर्तमानपत्रासारखं झालेलं. मी रोज त्याच गाडीतून येत होतो आणि मला दिसलं नव्हतं, कारण मला ते बघायचं नव्हतं. एजंटला फोन लावला, तर तो आता दुसऱ्या कुठल्या धंद्यात होता.

पिवळेपणा हा नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हता. उन्हानं फिल्म कडक होत जाते, कडा उचलतात, तिथं मळ आणि पाणी शिरतं, आणि गोंद रंगाला असा धरतो की जितका उशीर कराल तितका काढताना त्रास. म्हणजे ज्या रंगाला वाचवायला लावली, त्यालाच ती पुढं मागं खाणार. संध्याकाळी घरी जेवायला बसलो. मी सुनंदाला म्हणालो, ‘‘कुणाची तक्रार आलेली नाही अजून. आली की बघू.’’

ती भाकरी थापायची थांबली. ‘‘लावताना तुम्हीच बोलवून बोलवून सांगितलंसा न्हवं? मग आताबी तुम्हीच बोलवून सांगा.’’

दुसऱ्या दिवसापासून मी एकेकाला फोन करायला लागलो. ‘‘तुमची फिल्म खराब होणार आहे, आणून द्या, काढून देतो.’’ लोकांचा विश्वास बसेना. एकानं विचारलं, ‘‘तब्येत बरी हाय न्हवं?’’

काढायचंही एक तंत्र आहे. जोर लावला की रंग येतो. सुनंदाचा केस वाळवायचा ड्रायर मी उचलून आणला; गरम हवा मारायची, गोंद मऊ झाला की कोपरा उचलायचा आणि फिल्म वर न ओढता जवळजवळ आडवी, मागं मागं खेचत जायचं. जखमेवरची पट्टी काढतात तसं, पण घाई न करता. उरलेला गोंद रॉकेलच्या बोळ्यानं. पहिल्या बारा गाड्यांचा रंग खालून सुखरूप निघाला. तेराव्या गाडीचा मालक सांगायला विसरला होता की बॉनेट आधी एकदा रंगवून घेतलंय, आणि मला ते ओळखता आलं नव्हतं. पंजाएवढा रंग फिल्मबरोबर उठून आला. तो मी पुन्हा रंगवून दिला. उठून आलेला तो रंग माझ्याच हातचा होता, जुन्या काळचा. कच्ची वीट.

चौदाव्याला मात्र मी फोन केला नाही.

कारणं मी बरीच काढली. गाव लांब आहे, गाडी सावलीत असते, निळ्या रंगावर पिवळं दिसत नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. सुनंदा मधूनच म्हणायची, ‘‘नेसरीकडं गेलतासा का?’’ मी म्हणायचो, जाऊ की. शेवटी एका सकाळी तिनं चप्पल घातली आणि ॲम्बेसिडरमध्ये जाऊन बसली. ‘‘चला. मलाबी कमळव्वाचं घर बघायचं हाय.’’

मल्लाप्पाचं घर रानात होतं. गाडी चिंचेच्या सावलीला उभी. मी लांबूनच बघितलं. निळ्या बॉनेटवर शेवाळलेल्या डबक्यासारखा एक तवंग. दोन कोपरे वळलेले, आणि ते सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशननं परत परत चिकटवलेले. अक्षरांचं लाल जाऊन विटकरी, विटकरीचं काळपट झालेलं. वाचता येत होती इतकंच.

मल्लाप्पा गोठ्यातून हात पुसत आला. आनंदानं ओरडला, ‘‘अगं, मिस्त्री आलं बग! पानी आन!’’

मी बसलो नाही. उभ्यानंच बोलून टाकलं. ‘‘मल्लाप्पा, मी तुला खोटं सांगितलं. ही फिल्म कायम राहत नाही. मला तेव्हाही माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना मी दोन वर्षांपूर्वीच बोलावून सांगितलं. तुला सांगायचं धाडस झालं नाही.’’

तो फिल्मच्या वळलेल्या कोपऱ्याकडं बघत म्हणाला, ‘‘मला दिसतंय की. मी काय आंधळा हाय व्हय?’’

‘‘मग आला का न्हाईस? शिव्या घालायला तरी यायचं.’’

‘‘आवं, तुमी कायम म्हटलावता,’’ तो म्हणाला. ‘‘तुमास्नी वाईट वाटंल म्हनून न्हाय आलो.’’

चाळीस वर्षांच्या धंद्यात मला गिऱ्हाइकांनी खूप काही ऐकवलं. गाडी अंगावर घालायची धमकी एकानं दिली होती. पण या एका वाक्यानं माझी जी अवस्था झाली ती कशानंच झाली नव्हती. सुनंदानं तोंड फिरवलं आणि चिंचेकडं बघत बसली.

फिल्म काढायलाच पाहिजे होती; आणखी एक उन्हाळा गेला असता तर रंगही गेला असता. मी त्याला सगळं समजावलं. अक्षरं वाचतील का, हे त्यानं विचारलं. या वेळी मी म्हणालो, ‘‘बहुतेक न्हाय.’’ त्यानं मान हलवली. म्हणाला, ‘‘काढा. तुमच्याच हातानं काढा.’’

गाडी उन्हात घेतली. विजेची वायर गोठ्यातून ओढली, ड्रायर लावला. दोन तास लागले. कडा निघाल्या, बाजू निघाल्या, मग मधला भाग आला. खाली लॅकरचा पापुद्रा होता, त्याखाली नुसती भुकटी. ‘क’ फिल्मला चिकटून अख्खा वर आला. मला आशा वाटली. ‘म’ मधोमध फाटला. ‘ल’ची तर नुसती धूळ झाली आणि वाऱ्याच्या एका झुळकीनं बॉनेटवरून गेली. माझ्या हातात पिवळा, आकसलेला चिंधडा राहिला.

 मल्लाप्पानं माझ्याजवळचा रॉकेलचा बोळा घेतला आणि उरलेली भुकटी स्वतः पुसली. सावकाश, कडेपर्यंत. निळा रंग खालून नव्यासारखा निघाला होता, एकही व्रण नव्हता. कामाच्या हिशेबानं बघितलं तर फिल्मनं आपलं काम चोख केलं होतं. ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

मल्लाप्पाची बायको, गौरव्वा, चहाचे कप घेऊन पायरीवर आली आणि तिथंच थबकली. ऊन कलतं झालं होतं, ते बॉनेटवरून सरळ तिच्या तोंडावर परतत होतं.

‘‘अवं,’’ ती म्हणाली, ‘‘हाय की तितं.’’

‘‘काय?’’

‘‘अव्वाचं नाव. हितनं दिसतंय बगा.’’

आम्ही तिघं पायरीवर गेलो. गाडीजवळ उभं राहून वरून बघितलं की सलग निळं. पण पायरीवरून, तिरप्या उन्हात, तीन अक्षरं होती. क-चं फुगलेलं पोट, घसरलेला ल. लाल नाही, काळी नाही. निळ्यातच निळी, पण जरा गडद आणि जरा खरखरीत. तीन वर्षं उन्हानं फिल्मखालचा रंग अगदी थोडा विटवला होता, आणि कुंकवाखाली ऊन पोचलं नव्हतं. शिवाय कुंकवातल्या चुन्यानं वरची चकाकी खाल्ली असावी. दुकानाच्या शटरवरची जुनी अक्षरं खरवडून काढली तरी नाव वाचता येतं, तसंच काहीसं. नक्की चुन्यानं झालं का उन्हानं, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. यात माझी काही कारागिरी नाही, एवढं मात्र छातीठोक सांगतो.

मल्लाप्पा पायरीवरच बसला. भुकटीनं माखलेला हात कपाळाला लावला, आणि मग जे काही तो तीन वर्षं रडला नव्हता ते रडला. गौरव्वा म्हणाली, ‘‘चा निवतोय.’’ तशीच उभी राहिली, कप घेऊन.

त्यावर दुसरी फिल्म लाव असं त्यानं म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. मी फक्त सांगितलं की या जागेवर पॉलिश मारू नका, कुणालाही मारू देऊ नका. फिल्मचं काम मी त्यानंतर पाच-सहा वर्षं केलं. नवा माल आला, चांगला आला, पिवळेपणा खूप उशिरा यायला लागला. पण गिऱ्हाइकानं विचारलं की मी आधी पांढरा कागद दाखवायचो आणि सांगायचो, ‘‘दर वर्षी हा घेऊन या. दोघं मिळून बघू.’’ काही जण दुसऱ्या दुकानात गेले, जिथं दहा वर्षांची खात्री मिळायची. देशपांडे सर मात्र नव्या गाडीला छतासकट फिल्म लावून गेले.

मल्लाप्पानं पुढं ती गाडी विकली. पोरांची शिक्षणं, मोठी गाडी पाहिजे होती. विकायच्या आधी तो माझ्याकडं आला, म्हणाला, ‘‘मोडबाजारातनं एक बॉनेट घ्या आणि निळं करून बसवा. जुनं मी नेनार.’’ मी बसवून दिलं. माझ्या हयातीतला तो सगळ्यांत चांगला निळा असेल. विकत घेणाऱ्याला कळलंही नाही. जुनं बॉनेट मल्लाप्पानं टेम्पोत घोंगडी अंथरून त्यावर नेलं.

मागच्या उन्हाळ्यात गडहिंग्लजला एका लग्नाला गेलो होतो. येताना सुनंदा म्हणाली, वाट वाकडी करून जाऊ. मल्लाप्पा घरी नव्हता, बाजाराला गेला होता. गौरव्वानं बसवलं, ताक दिलं. अंगणात चार दगडांवर ते निळं बॉनेट आडवं ठेवलं होतं, आणि त्यावर तिनं सांडगी मिरच्या वाळत घातल्या होत्या.

‘‘पत्र्यावर झ्याक वाळत्यात,’’ ती म्हणाली. ‘‘सुपापरास बरं. पावसाळ्यात माळ्यावर घालतो.’’

मी उठून जवळ गेलो. वरून नाव दिसत नव्हतं, माझी नजरही आता पहिल्यासारखी नाही. पण शोधावं लागलं नाही. बॉनेट कडेपर्यंत मिरच्यांनी भरलं होतं, आणि मधोमध वीतभर जागा तिनं मोकळी सोडली होती.